यजमान, पाहुणा आणि अडकलेली मराठी

मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. तिचे पान आज कोणाही देवनागरी जाणणाऱ्यापुढे ठेवले तर तो ते वाचू शकतो. याच परिसरात, सातारा-सांगलीकडे, १९९८ च्या सुमारास डीटीपी केंद्रांत जुळवलेल्या अंकांची आणि पुस्तकांची गत मात्र वेगळी आहे. त्यांच्या फाइली सीडीवर शाबूत असल्या तरी आजच्या संगणकावर एक तर उघडत नाहीत, किंवा उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. छापील प्रत आहे ना, असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा ग्रंथालयांतील आणि घरांतील कागद भिजून गेला. अशा वेळी जुनी फाइल हीच शेवटची प्रत ठरू शकते.

वाईच्या मराठी विश्वकोशामागे शासन उभे होते. १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला, तो कोश आज इंटरनेटवर युनिकोडमध्ये वाचता येतो. गावोगावच्या लहान प्रकाशकांमागे असे कोणी नाही. त्यांचे काम त्यांनाच करावे लागेल, आणि ते घरच्या संगणकावर करता येण्याजोगे आहे.

अडचण दुहेरी आहे. पहिली कार्यक्रमाची. त्या काळी पानजुळणी पेजमेकरमध्ये होई. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. तो विंडोज ९८ किंवा एक्सपीवर सुखाने चालतो, नव्या विंडोजवर त्याचा भरवसा नाही. दुसरी अडचण टंकाची. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे टंक यांनी मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवले होते. हिंदीत रुळलेल्या कृतिदेव टंकाचे उदाहरण घेऊ. त्यात डी, ई, वाय ही तीन रोमन अक्षरे ओळीने टंकली की पडद्यावर ‘कमल’ उमटते. टंक काढून घेतला की ‘डेय’ असे काहीतरी उरते. फाइलीत ‘क’ कधी नव्हताच, तो टंकात होता.

पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे आभासी संगणक. आजच्या संगणकाच्या पोटात कार्यक्रमाच्या आधारे दुसरा संगणक उभा करायचा आणि त्यात एक्सपी व पेजमेकर बसवायचे. मूळ संगणकाला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा. ही कल्पना आयबीएमच्या १९६०च्या दशकातील प्रयोगांतून आली. १९७२ मध्ये त्यांची व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. तीत एका आभासी संगणकाने ‘छिद्रपत्रे’ पाडायची आणि दुसऱ्याने ती वाचायची, अशी फाइलींची देवघेव चाले. पत्रे खरी नसत, पद्धत मात्र खऱ्या पत्रांची. आज व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर यांसारखे कार्यक्रम हेच काम घरी करून देतात.

पाहुण्याला यजमानाचे कपाट आपणहून दिसत नाही. मधले दार उघडावे लागते. सर्वांत सोयीचे दार म्हणजे सामायिक फोल्डर. यजमानावरचा एक फोल्डर निवडायचा आणि पाहुण्यात पूरक साधने बसवायची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यांना गेस्ट अॅडिशन्स म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये टूल्स. मग तो फोल्डर पाहुण्याला नेटवर्कवरील ड्राइव्हसारखा दिसू लागतो. विंडोज ९८ साठी व्हर्च्युअलबॉक्सची ही साधने नाहीत. तिथे फाइलींची आयएसओ प्रतिमा करून ती सीडी म्हणून ‘घालता’ येते. मात्र या वाटेने फाइली आतच जातात, बाहेर येत नाहीत. म्हणून एक्सपी सोयीची.

नेहमीचे नेटवर्क जोडूनही देवघेव करता येते, पण एक्सपीला एसएमबी या फाइल-वाटपाच्या भाषेची पहिलीच आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले ते याच आवृत्तीतील छिद्रातून. म्हणून पाहुण्याचे नेटवर्क बंद ठेवून सामायिक फोल्डर वापरणे शहाणपणाचे.

हे दार एकच न ठेवता दोन ठेवावीत. ‘आत’ नावाचा फोल्डर फक्त वाचनापुरता, त्यात मूळ फाइलींची प्रत. ‘बाहेर’ नावाच्या फोल्डरात लिहिण्याची मुभा. याचे कारण पक्के आहे. पाहुण्याची स्थिती जपून ठेवण्याची, म्हणजे स्नॅपशॉटची, सोय असते आणि काही बिघडले तर मागे जाता येते. पण सामायिक फोल्डर यजमानाच्या डिस्कवर असतो. स्नॅपशॉट त्याला शिवत नाही. पाहुण्यातून तिथली फाइल पुसली तर ती खरोखर पुसली जाते, रिसायकल बिनमध्येही जात नाही.

फाइलींची नावे आत पाठवण्यापूर्वी साध्या रोमन अक्षरांत करावीत. युनिकोडपूर्व घडणीच्या कार्यक्रमांना देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

आता दुसरी अडचण. पाहुण्यात जुने टंक बसवले की पान पूर्वीसारखे दिसते. तो मोहाचा क्षण असतो. मजकूर उचलून क्लिपबोर्डने यजमानात चिकटवावासा वाटतो. तसे करू नये. क्लिपबोर्ड मजकुराला ‘मजकूर’ समजून त्याच्या संकेतांचे भाषांतर करू पाहतो, आणि त्यात टंकाची काही चिन्हे बदलू किंवा गळू शकतात. सामायिक फोल्डर फाइल जशीच्या तशी, बाइटला बाइट पोचवतो. पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ स्वरूपात ‘बाहेर’ काढावा. साध्या मजकूर-फाइलीत टंकांची नावे पुसली जातात, मग मराठीच्या मधले इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलले जातात. आरटीएफ कोणता तुकडा कोणत्या टंकात आहे हे जपते.

त्यानंतरचे परिवर्तन यजमानावर. परिवर्तकाला केवळ अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून परिवर्तित मजकुरात ‘धर्म’, ‘कीर्ती’, ‘विद्यार्थी’ असे शब्द प्रथम तपासावेत. हे मुद्रितशोधन पाहुण्यातले मूळ पान शेजारी ठेवूनच होते. पाहुणा संगणक नुसता फाइल काढण्यापुरता नसून पुरावा पाहण्याची जागा आहे, म्हणून काम संपले तरी तो मोडू नये.

या कामाला मुदत आहे. सीडीचा थर उडत जातो, फ्लॉपी वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत, आणि कोणत्या अंकाला कोणता टंक वापरला हे सांगू शकणारी जुळणीकार मंडळी आता निवृत्तीला आली आहेत. तेव्हा प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती एकत्र ठेवाव्यात: मूळ पेजमेकर फाइल, तिची आरटीएफ आणि तपासलेली युनिकोड. सोबत एका साध्या कागदावर टंकाचे नाव लिहावे. ते नाव हरवले तर तिन्हींतली पहिली मुकी होते.