म्यूटिंग (बास गिटार)

बास गिटारच्या न वाजवलेल्या तारांचा नकोसा नाद हातांच्या स्पर्शाने थांबवण्याच्या क्रियेस म्यूटिंग म्हणतात. या वाद्याच्या चार तारा ई, ए, डी, जी या स्वरांत लावतात. सर्वांत जाड ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. डी तारेवर २ऱ्या पडद्याशी वरचा ई वाजवला, की मोकळी ई तार न छेडताही अनुनादाने घुमू लागते. ध्वनिवर्धकातून ही घुमण वाढून ठेका गढूळ होतो.

जाड तारांवर उजव्या हाताचा अंगठा टेकवतात, बारीक तारांवर डाव्या हाताची तर्जनी आडवी पसरतात. सूर सोडताना बोट एकदम न उचलता केवळ दाब काढावा. नवशिके बहुधा इथेच अडखळतात. मात्र ५व्या, ७व्या किंवा १२व्या पडद्यावर एकाच बोटाचा हलका स्पर्श झाल्यास तार गप्प न होता उपस्वर उमटतो, म्हणून तेथे दोन बोटे लागतात.

मोटाउनचे वादक जेम्स जेमरसन यांच्या फेंडर बासवर घोडीच्या झाकणाखाली स्पंज असे. याउलट मिरजेत घडणाऱ्या सतारीला तरफेच्या तारा याच अनुनादासाठी मुद्दाम बसवतात.