वसंतातील छोटी सहल आणि सातवा प्रवासी

टी. टी. नगर, म्हणजेच तात्या टोपे नगर, ही भोपाळ १९५६ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यानंतर प्रामुख्याने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वस्ती असल्यामुळे तेथील कुटुंबांच्या सहली शासकीय सुट्ट्यांच्या यादीशी बांधलेल्या असणे स्वाभाविक आहे. होळी, रंगपंचमी, गुढीपाडवा, रामनवमी आणि गुड फ्रायडे यांपैकी एखादी सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली की चार-सहा जणांचा बेत आकार घेऊ लागतो. मात्र तो ठरवताना सांची, भीमबेटका किंवा पचमढी यांपैकी एक नाव आधी पक्के होते आणि तारीख, तिकिटे व गाडी यांचा विचार मागाहून केला जातो. या सहलींविषयीच्या बहुतेक चुकीच्या समजुतींचे मूळ या क्रमातच आहे, कारण भोपाळच्या परिसरात कोणत्या वारी काय पाहता येईल हे ठिकाणाच्या कीर्तीपेक्षा दिनदर्शिकेवर अधिक अवलंबून असते.

सुट्टीच्या दिवशी पर्यटनस्थळ पूर्ण उघडे असणारच, ही समजूत त्यांपैकी सर्वांत पक्की आहे. भोपाळपासून सुमारे ४६ किलोमीटरवर असलेल्या आणि १९८९ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या सांचीचे स्तूप सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाहता येतात. परंतु टेकडीच्या पायथ्याशी असलेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय दर शुक्रवारी बंद असते, आणि गुड फ्रायडे हा सण नावाप्रमाणेच कधीही शुक्रवार सोडत नाही. त्यामुळे या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सांचीला निघणाऱ्या गटाला स्तूप व तोरणे दिसतात, पण अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष दिसत नाही, कारण ते संग्रहालयात ठेवलेले आहे. सुट्टी सोमवारला जोडून आलेली असेल तर अडचण शहरातच उभी राहते. श्यामला टेकड्यांवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, आणि पुण्या-नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना ‘शेवटच्या दिवशी भोपाळ’ दाखवण्याचा बेत तेथेच फसतो. पचमढीच्या परिसरातील सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील सफारीही बुधवारी दुपारच्या सत्रात नसते. शुक्रवारी भीमबेटका आणि शनिवारी सांची एवढी साधी अदलाबदल केली तरी पहिली अडचण सुटते.

दुसरी समजूत खर्चाविषयी आहे. गटात एक माणूस वाढला की माणशी खर्च कमी होतो, हे ढोबळ गणित मोठ्या बससाठी खरे असले तरी छोट्या गटासाठी ते बहुधा उलटे ठरते, कारण येथे खर्च चढणीप्रमाणे हळूहळू वाढत नसून पायऱ्यांप्रमाणे एकदम वाढतो, आणि ती पायरी सहाच्या पुढे लागते. रेल्वेच्या एका आरक्षणात, म्हणजे एका पीएनआर क्रमांकावर, सहापेक्षा अधिक प्रवासी बसत नाहीत. सफारीच्या जिप्सीत चालक व मार्गदर्शक सोडून सहा पर्यटकांची सोय असते. आणि भाड्याने मिळणाऱ्या सात आसनी गाड्यांत चालकाचे आसन वजा केल्यावर सहाच उरतात. सातवा प्रवासी आला की दुसरे आरक्षण, दुसरी जिप्सी आणि दुसरी गाडी किंवा थेट टेम्पो ट्रॅव्हलर अशी तिप्पट तजवीज करावी लागते. त्यातही दोन पीएनआर एकमेकांशी जोडलेले नसल्यामुळे सहा जणांची तिकिटे निश्चित होऊन सातव्याचे प्रतीक्षा यादीत अडकणे सहज शक्य असते. सातव्याला घरी ठेवावे असा याचा अर्थ नव्हे. सातऐवजी दहा-अकरा जण जमवले तर टेम्पो ट्रॅव्हलरचे भाडे सुसह्य होते, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने सहा चांगले, अकरा चांगले आणि सात-आठ सर्वांत महाग. सफारीच्या परवान्यावर प्रवाशाचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्राशी तो ताडून पाहिला जातो, त्यामुळे ऐन वेळी एकाच्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची सवयही तेथे चालत नाही.

‘तत्काळमध्ये बघू’ या वाक्यामागची समजूत याच हिशेबात बसते. तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता खुले होते, त्यात एका तिकिटावर चारच प्रवासी चालतात, जुलै २०२५ पासून संकेतस्थळावरील खाते आधारशी पडताळलेले असावे लागते, आणि निश्चित झालेले तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. सहा जणांच्या गटाला म्हणजे दोन तिकिटे, तीही काही मिनिटांच्या आत काढावी लागतात. उलट नियमित आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होत असल्यामुळे, २०२६ मध्ये ३ एप्रिलला येणाऱ्या गुड फ्रायडेच्या दिवशी निघायचे असल्यास जाण्याचे तिकीट २ फेब्रुवारीला सकाळी ८ वाजता आणि रविवारी, ५ एप्रिलला परतण्याचे तिकीट ४ फेब्रुवारीला काढता येते. दोन्ही तिकिटे एकाच दिवशी मिळतील असे गृहीत धरणारे पुष्कळ जण परतीचा दुसरा दिवस विसरतात, आणि सुट्टीच्या अखेरीची गर्दी परतीच्या गाडीतच सर्वाधिक असते.

पचमढी हे थंड हवेचे ठिकाण असल्यामुळे एप्रिलमध्येही तेथे गारवा असतो, ही समजूत निम्मीच खरी आहे. हवेचे तापमान उंचीबरोबर दर किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी उतरते. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आणि पचमढी सुमारे १,०६७ मीटरवर असल्यामुळे या हिशेबाने दोन्ही ठिकाणांत साडेतीन-चार अंशांचाच फरक पडतो. भोपाळचे दुपारचे तापमान ३८ अंशांवर असेल तेव्हा पचमढी ३४ च्या आसपास असणार, आणि तेथील खरा दिलासा दुपारी नव्हे तर पहाटे व रात्री मिळतो. धबधब्यांच्या बाबतीतही अपेक्षा आवरती घ्यावी लागते, कारण सातपुड्यातील झरे पावसावर पोसलेले असल्यामुळे चैत्रापर्यंत त्यांची धार बारीक झालेली असते. ज्यांना पाणी पाहायचे आहे त्यांनी पावसाळ्यानंतर जावे. ज्यांना जंगल पाहायचे आहे त्यांच्यासाठी मात्र वसंताचा उत्तरार्ध हिवाळ्याहून सरस ठरतो. पानगळीमुळे झाडीतून दूरवर नजर जाते, पाणवठे आटू लागल्याने प्राणी उरलेल्या पाण्याशी येतात, आणि मोहाची फुले गळू लागली की अस्वले पहाटे त्या झाडांखाली हजेरी लावतात. वाघ दिसला तरच सफारी सार्थकी लागली असे मानणाऱ्यांनी सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या मढई प्रवेशद्वारापेक्षा कान्हा किंवा बांधवगढचा विचार करावा, परंतु ती अंतरे दोन दिवसांच्या सुट्टीत बसणारी नाहीत.

सांची आणि भीमबेटका दोन्ही भोपाळपासून पाऊण-एक तासावर असल्यामुळे एका दिवसात उरकता येतात, असे सर्रास सांगितले जाते. नकाशावर मात्र सांची शहराच्या ईशान्येस आणि भीमबेटका दक्षिणेस आहे, म्हणजे एकाहून दुसरीकडे जाताना पुन्हा भोपाळ ओलांडावे लागते आणि एकूण फेरी १८० किलोमीटरच्या घरात जाते. गाडीला ते जड नाही, माणसांना मात्र भर दुपारी उघड्या दगडावर चालणे जड जाते. सांचीला जोडून विदिशेजवळची उदयगिरीची गुप्तकालीन लेणी व हेलिओडोरसचा स्तंभ, आणि भीमबेटक्याला जोडून भोजपूरचे शिवमंदिर, ही विभागणी भूगोलाला धरून आहे. भीमबेटक्यात ‘गुहा’ आहेत म्हणून आत गारवा असेल, हीदेखील एक चुकीची अपेक्षा आहे. ते शैलाश्रय आहेत, म्हणजे पुढे झुकलेल्या खडकाखाली तयार झालेले उघडे आडोसे, ज्यांत सावली मिळते पण गुहेचा थंडावा नसतो. नीमच येथे मराठी कुटुंबात १९१९ मध्ये जन्मलेले पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांना १९५७ मध्ये रेल्वेप्रवासात हे खडक दिसले आणि युरोपातील चित्रित शैलाश्रयांशी त्यांचे साम्य जाणवले. पुढे २००३ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले. त्या शेकडो आश्रयांपैकी सुमारे १५ पाहण्यासाठी खुले आहेत, त्यामुळे दोन तास पुरतात. भोजपूरचे अकराव्या शतकातील मंदिर आक्रमणात मोडले असे पुष्कळांना वाटते, पण मागच्या बाजूचा दगड चढवण्याचा मातीचा उतार आणि आसपासच्या खडकांवर कोरलेले वास्तूचे आराखडे पाहिले की ते पाडलेले नसून अपुरे राहिलेले आहे हे उघड होते.

गाडीच्या भाड्याविषयी थोडे. बाहेरगावच्या फेरीला भाडे प्रत्यक्ष किलोमीटरनुसार लागते असे नव्हे. बहुतेक व्यावसायिक दिवसाला किमान २५० किलोमीटरचे पैसे धरतात आणि चालकाचा भत्ता वेगळा असतो. पचमढीची फेरी सुमारे ४०० किलोमीटरची असली तरी तीन दिवसांसाठी ७५० किलोमीटरचे भाडे द्यावे लागते, आणि त्यातून सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील प्रेक्षणीय स्थळी बाहेरची गाडी जात नसल्यामुळे ती दिवसभर हॉटेलच्या आवारात उभी राहते व गटाला स्थानिक जिप्सी करावी लागते. म्हणून पचमढीसाठी इटारसी-जबलपूर मार्गावरील पिपरियापर्यंत रेल्वे आणि पुढे सुमारे ५० किलोमीटरचा घाटरस्ता बस किंवा जीपने, हा मार्ग स्वस्त पडतो. सांची-भीमबेटक्यासाठी मात्र दिवसाची गाडीच सोयीची. ओळखीतून स्वस्तात मिळणारी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेणे हे विम्याच्या अटींचे उल्लंघन असते, आणि अपघात झाल्यास दावा नाकारला जाण्याचा धोका प्रवाशांच्या गळ्यात येतो.

विदर्भातील नातेवाईक पचमढीला ‘महादेवाची यात्रा’ म्हणून ओळखतात, त्यामुळे वसंतात तेथे यात्रेकरूंची दाटी असेल अशी शंका भोपाळच्या मराठी घरांत अनेकदा व्यक्त होते. पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ वाहण्याची यात्रा महाशिवरात्रीला आणि नागद्वारीची यात्रा नागपंचमीच्या सुमारास भरते. होळीनंतरच्या आठवड्यांत यांपैकी काहीच नसते. गुड फ्रायडेला जी गर्दी दिसते ती भोपाळ, जबलपूर व नागपूरहून सुट्टीसाठी आलेल्या कुटुंबांची असते, आणि पर्यटन महामंडळाची निवासस्थाने मोजक्याच खोल्यांची असल्यामुळे त्यांचे आरक्षण रेल्वेच्या तिकिटांबरोबरच, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, केलेले बरे.