पहारेकऱ्याचीच झाडाझडती

९ एप्रिल १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कार्यालयात एक बैठक झाली. एका बाजूला पाच सिनेटर, दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले सरकारी तपासनीस. विषय होता कॅलिफोर्नियातील ‘लिंकन सेव्हिंग्ज अँड लोन’ या वित्तसंस्थेच्या रेंगाळलेल्या चौकशीचा. संस्थेचा सूत्रधार चार्ल्स कीटिंग याने या पाच जणांच्या राजकारणासाठी सुमारे तेरा लाख डॉलर उभे केले होते. पुढे १९८९ मध्ये संस्था बुडाली. तिच्यापायी सरकारी तिजोरीला तीन अब्ज डॉलरच्या आसपास खड्डा पडला आणि हजारो वृद्धांची पुंजी गेली.

या पाचांपैकी एक होते ॲरिझोनाचे जॉन मॅकेन. व्हिएतनामच्या तुरुंगात साडेपाच वर्षे काढलेला हा नौदलाचा वैमानिक. कीटिंगच्या विमानातून ते सहकुटुंब बहामाला जाऊन आले होते. त्याचे १३,४३३ डॉलर त्यांनी पुष्कळ उशिरा भरले. सिनेटच्या नीतिसमितीने १९९१ मध्ये त्यांना नियमभंगाच्या दोषातून मोकळे केले, पण त्यांचे तारतम्य सुटले, असा ठपका ठेवला. शिक्षा सौम्य होती. पण ज्याला स्वतःच्या अब्रूची फार चाड असते, त्याला असा ठपका जन्मभर पुरतो.

पुढची पंचवीस वर्षे मॅकेन ज्या गोष्टीवर तुटून पडले, तिचे नाव ‘इअरमार्क’. गुराच्या कानाला खूण करून मालकी ठरवण्याची जुनी रीत. तशीच खूण सरकारी पैशावर करायची. खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एखाद्या सदस्याने आपल्या भागातील पुलासाठी, संग्रहालयासाठी किंवा कारखान्यासाठी हळूच एक ओळ घालायची. आपल्याकडे १९९३ पासून खासदार निधी आहे, पण त्यात सर्वांना रक्कम सारखी. अमेरिकेत ज्याचे वजन जास्त त्याचे ताट मोठे. आणि कोणी किती वाढून घेतले, हे अनेक वर्षे उघडपणे कळतही नसे.

मॅकेन यांनी ॲरिझोनासाठी अशी खूण मागितली नाही. उलट सभागृहात उभे राहून ते इतरांच्या खुणांची यादी वाचत. २००५ च्या महामार्ग विधेयकात अलास्कातील केचिकन गावाजवळ एक पूल होता. पलीकडच्या ग्रॅविना बेटावर वस्ती सुमारे पन्नास माणसांची, आणि तरतूद बावीस कोटी डॉलरहून अधिक. विधेयकाच्या बाजूने ९१ मते पडली, विरोधात चार. त्या चारांत मॅकेन होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी रँडी कनिंगहॅम यांनी संरक्षण कंत्राटदारांकडून चोवीस लाख डॉलरची लाच घेतल्याची कबुली दिली. कंत्राटदाराला काम मिळवून देण्याचा मार्ग होता हाच, विधेयकातली एक ओळ.

तथापि, मॅकेन यांना संत ठरवण्याचे कारण नाही. ज्यांची ते टिंगल करीत ती सगळीच कामे फालतू नव्हती. मोंटानातील अस्वलांच्या जनुकांच्या अभ्यासावर त्यांनी विनोद केले. पण तेथील ग्रिझली अस्वलांची विश्वासार्ह गणती त्याच अभ्यासातून झाली. शिवाय हा सगळा खर्च संघराज्याच्या अंदाजपत्रकाच्या एक टक्क्यापर्यंतही पोचत नव्हता. तो बंद करून तूट भरून निघाली नसती. आणि १९९९ मध्ये एका दूरचित्रवाणी कंपनीच्या रखडलेल्या अर्जावर लवकर निर्णय द्या, असे पत्र त्यांनी नियामक आयोगाला लिहिले. त्या कंपनीच्या मालकाची देणगी त्यांनी घेतली होती, विमानही वापरले होते. आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रावर नापसंती नोंदवली. कीटिंग प्रकरण विसरलेले नसतानाही पाय त्याच वाटेवर पडला.

इथेच या चरित्राचा खरा धडा आहे. लाच घेणारा चोर ओळखता येतो. पण देणगीदार जेव्हा स्नेही होतो, त्याचे विमान सोयीचे वाटू लागते आणि त्याचे काम रास्त दिसू लागते, तेव्हा सज्जनालाही रेषा दिसत नाही. मॅकेन यांना हे अनुभवाने उमगले होते. म्हणून रसेल फाइनगोल्ड या विरोधी पक्षाच्या सिनेटरबरोबर त्यांनी निवडणूक देणग्यांना आवर घालणारा कायदा २००२ मध्ये संमत करून घेतला. त्याचा एक मोठा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला.

इअरमार्कवर २०११ मध्ये बंदी आली. मॅकेन ऑगस्ट २०१८ मध्ये वारले आणि २०२१ मध्ये ती प्रथा नव्या नावाने परतली. मात्र परतताना तिच्या गळ्यात काही दावी होती: मागणाऱ्याचे नाव जाहीर व्हायचे, त्यात आपला आर्थिक हितसंबंध नाही असे लिहून द्यायचे, आणि नफ्याच्या धंद्याला पैसा नाही. एका माणसाचे व्रत त्याच्याबरोबर संपले. मागे राहिले ते नियम. ज्याची स्वतःची झाडाझडती झाली होती, त्याच्या कारकिर्दीतून घ्यायचे ते एवढेच: पहारेकरी कितीही प्रामाणिक असो, वहीत नाव लिहिल्याशिवाय कोणालाही, त्यालासुद्धा, आत सोडू नये.