आधी पाण्याला वाट, मग मुरूम

शनिवार पेठेत राहून मुळशी, भोर किंवा वेल्ह्यात वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा राखलेली घरं कमी नाहीत. मे महिना आला की तिथं एक विषय हमखास निघतो: शेतावर जाणारी वाट यंदा पावसाआधी नीट करायची. हाताशी पैसा बेताचा, सल्ले मात्र भरपूर. त्यातले बरेच सल्ले तो पैसा चिखलात घालणारे.

सगळ्यांत महागात पडणारा सल्ला म्हणजे ‘चार डंपर मुरूम टाका, झालं’. कोरडी, दाबलेली माती ट्रॅक्टर सहज पेलते. भिजली की त्याच मातीत सायकलही रुतते. स्कॉटिश रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगत होता की भार शेवटी खालची जमीनच उचलते, तिला कोरडी ठेवा. आपल्याकडच्या जुन्या गाडीवाटा चाकांनी झिजून दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल गेल्या आहेत. पावसाळ्यात त्यांचा ओढा होतो आणि टाकलेला मुरूम खालच्या शेतात जाऊन बसतो. म्हणून पहिला खर्च जेसीबीचा. दोन्ही कडेनं चर काढायचे, त्यांना पुढं उतार द्यायचा आणि निघालेली माती चांगली असेल तर मधे टाकून वाट उचलायची. कच्च्या रस्त्याला मधून कडेकडे 4 ते 5 टक्के उतार लागतो, म्हणजे 3 मीटर रुंदीच्या वाटेचा मध्य कडेपेक्षा 6-7 सेंटीमीटर उंच. चढावर थोड्या थोड्या अंतरानं तिरपे, बुटके बांध घातले की पाणी चाकोरी धरून धावत नाही, बाजूला वळतं. ओहोळ आडवा जात असेल तर सिमेंटचा पाइप टाकता येतो, पण तो दरवर्षी साफ करावा लागतो. लहान ओहोळाला दगडी फरशी स्वस्त पडते आणि तुंबतही नाही.

यानंतर मुरूम. सगळा मुरूम सारखा नसतो. मूठभर घेऊन ओला करून चोळा; बोटांना गुळगुळीत चिकटून राहिला तर ती मातीच, मुरमाच्या भावानं घेऊ नका. खडे हाताला लागले पाहिजेत. तो पातळ थरांत पसरायचा, पाणी मारायचं आणि कडेकडून मधे येत रोलर फिरवायचा. दाबून 15 सेंटीमीटरचा थर झाला की मग पुढचा. ढीग पसरून पहिल्या पावसावर सोडलेला मुरूम दाबला जात नाही, वाहून जातो.

दौंड-इंदापूरकडच्या काळ्या मातीत ‘मोठे दगड भरा’ हा सल्ला फसतो. ती माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते आणि सोलिंगचे दगड हळूहळू गिळते. आधी मुरमाचा थर टाकून दगड मातीपासून वेगळा ठेवावा लागतो. थेट अशा जमिनीवर ओतलेलं काँक्रीटही तडकतं, तेव्हा ‘सिमेंट केलं की कायमचं मिटलं’ असं समजू नये.

पेठेत वाडा पाडला जात असला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘राडारोडा फुकट मिळतोय, गावाला नेऊ.’ त्यातला घडीव काळा दगड सोनंच. पण जुन्या भिंतींतली पांढरी माती पावसात चिखल होते, आणि खिळे, काचा, फरशांचे तुकडे टायरच्या जिवावर उठतात. शिवाय वाहतुकीचा खर्च आहेच. निवडून आणणार असाल तरच आणा.

‘मुरूम आपल्याच डोंगरातला, विचारायचं कुणाला?’ मुरूम गौण खनिज आहे. विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो. विकत घेतानाही वाहतुकीचा परवाना पाहून घ्यावा.

आणि खर्चाआधी गावनकाशा काढा. वाट त्यावर गाडीमार्ग म्हणून असेल तर ती तुमच्या एकट्याची नाही. ग्रामपंचायतीमार्फत शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत बसते का, हे विचारता येतं. 2021मध्ये आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीची जोड होती. नकाशावर वाटच नसेल तर संहितेच्या कलम 143 प्रमाणे तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. वहिवाटीची वाट शेजाऱ्यानं अडवली, तर दिवाणी कोर्टाच्या चकरा हा एकच उपाय नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो, मात्र अर्ज अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत हवा.