उष्माघातानंतरची लटपटती चाल

मक्केच्या अल अझीझिया भागात भारतातून हज कमिटीमार्फत गेलेले पुष्कळ यात्रेकरू उतरतात. त्यांत आपल्या कोकणातल्या गावांचे जुने शेजारीही असतात. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि १,३०१ माणसे दगावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. उष्माघाताने जीव जातो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातून वाचलेल्या काहींचा तोल मात्र कायमचा जातो, हे फारसे कोणी सांगत नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. पाण्याचा पेला उचलताना कोणता स्नायू केव्हा आणि किती आवळायचा, हा मेळ तो घालतो. त्यातल्या पुर्किन्ये पेशी (१८३७ साली त्या शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे हे नाव) उष्णतेला फार नाजूक असतात. अंगातली उष्णता ४० अंशांच्या वर गेली की त्या मरू लागतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. रोगी शुद्धीवर येतो, हातापायांत जोर असतो, पण पाय फाकवून झोकांड्या खात चालतो. सदऱ्याचे बटण लागत नाही, जीभ जड होते. ज्याने जन्मात दारूला हात लावला नाही, त्यालाही लोक प्यायलेला समजतात! सुरुवातीला एमआरआय चांगला येऊ शकतो. लहान मेंदू आक्रसलेला पुढे काही महिन्यांनी दिसतो. व्यायामाने काहीजण बरेच सुधारतात, पण गेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही.

म्हणून खरा उपाय पहिल्या अर्ध्या तासातच आहे. उन्हात कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. इस्राएलात १०१, महाराष्ट्रात १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, जोराने वारा घाला. मक्केच्या इस्पितळांत रोग्याला जाळीच्या खाटेवर निजवून पाण्याचे तुषार आणि वारा सोडत. तत्त्व आपल्या माठाचेच. तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

इस्राएलात बिरड्याच्या सणाचा उपवास ऐन उन्हाळ्यात येतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

ऊन लागलेले नसताना अचानक तोल गेला, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हाही हेच नंबर, आणि ताबडतोब.