कासवर किती माणसं मावतात?

रानवाटांचा हिशेब : लेखांक ६

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेलं की कासचं पठार लागतं. फुलांच्या मोसमात, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, इथं दिवसाला तीन हजार माणसं सोडायची असा दंडक आहे. ऑनलाइन नोंदणी, प्रवेश शुल्क, पठारापासून लांब वाहनतळ असा सगळा बंदोबस्त कास, कासाणी, एकीव, आटाळी अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागाबरोबर सांभाळतात. मागच्या लेखांकात ‘वहनक्षमता’, म्हणजे एखादी जागा किती भार सोसू शकते, हा शब्द मी नुसता वापरून पुढे गेलो होतो. काही वाचकांनी विचारलं, हा आकडा काढतात कसा? आज तेच पाहू, कासच्या निमित्ताने.

ही कल्पना मुळात गुरांची. अमुक एवढ्या कुरणावर अमुक गुरं चारली तर गवत पुन्हा फुटतं, त्याहून जास्त चारली तर कुरण बोडकं होतं, हा कुरण राखणाऱ्यांचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत लोकांची रीघ लागली, तेव्हा तोच हिशेब माणसांना लावून पाहिला गेला. १९६४ मध्ये अ‍ॅलन वॅगर यांनी रानातल्या पर्यटनाच्या वहनक्षमतेवर लिहिलं, आणि त्यातून निघालेली गोष्ट व्यवस्थापकांना फारशी सोयीची नव्हती. जागा कशासाठी राखायची हे आधी ठरल्याशिवाय ‘किती माणसं’ या प्रश्नाला उत्तरच नाही. पुढे १९८५ मध्ये जॉर्ज स्टँकी, डेव्हिड कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. किती माणसं चालतील ते सोडा. इथल्या मातीत, झाडोऱ्यात, शांततेत किती बदल आपल्याला चालेल तेवढं ठरवा, दरवर्षी तो मोजा आणि मर्यादा ओलांडली की उपाय करा.

आकड्यावर विसंबता येत नाही याचं खरं कारण पायाखाली आहे. कोल आणि नील बेफिल्ड यांनी १९९३ मध्ये तुडवणूक मोजण्याची एक साधी रीत घालून दिली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब अशा पट्ट्या आखायच्या. एकीवरून कुणीच चालायचं नाही, बाकींवरून २५, ७५, २०० आणि ५०० वेळा चालायचं, मग किती हिरवाई उरली ते पाहायचं. अशा प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होऊन जातं. नाजूक झाडोरा असेल तर शंभर माणसं गेली काय नि पाचशे गेली काय, फरक थोडा. मोठा फरक पडतो तो कुणीच न जाणं आणि थोडेजण जाणं यांत. म्हणून गर्दी सगळीकडे पांगवावी हा शहाणपणाचा वाटणारा सल्ला अशा जागी घातक ठरतो. तीन हजार माणसं एका पायवाटेवरून गेली तर एक वाट मरते. तीनशे माणसं वाट सोडून फुलांत शिरली तर पठारच जातं.

कासवर तर हे दुप्पट लागू. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर उंचीवर जांभ्याचा कातळ पसरलेला, त्यावर मातीचा थर कुठे काही बोटं, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली, उन्हाळ्यात तापलेला तवा. या मातीत कस इतका कमी, की सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं किडे पकडून पोटाची सोय करतात. मोठी झाडं इथं तग धरत नाहीत, म्हणूनच या बुटक्या फुलांना मोकळं रान मिळतं. पठारावर सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, मिकी माउस म्हणून ओळखला जाणारा कवला, ही बहुतेक वर्षायू. बी पडायच्या आत तुडवली गेली, तर त्या जागी पुढच्या वर्षीची पेरणीच झालेली नसते. फोटोसाठी फुलांत आडवं होणाऱ्याला वाटतं, आपण उठलो की गवत उठेल.

या उपद्रवावर उपाय म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसं रस्त्यावर थांबली. पण त्यांच्याबरोबर गुरंही थांबली. पिढ्यान्‌पिढ्या इथं चरणारी गुरं उंच गवत खाऊन जमीन मोकळी ठेवत होती. ती बंद झाल्यावर गवत आणि झुडपं माजली आणि फुलांचे गालिचे विरळ झाले, असं स्थानिकांचं आणि काही अभ्यासकांचं म्हणणं पडलं. पुष्कळ वादानंतर कुंपण काढलं गेलं. फुलं कमी होण्याला पावसाची लहरही कारण असू शकते, त्यामुळे सगळा दोष जाळीवर टाकणं मला घाईचं वाटतं. तरीही ज्या गुरांच्या हिशेबावरून वहनक्षमता आली, त्यांनाच बाहेर काढून आपण पर्यटक मोजत बसलो, ही गंमत नजरेआड करता येत नाही.

माझं मत असं, की तीन हजारांचा आकडा वाहतूक, स्वच्छतागृहं आणि गावांचा रोजगार यांचा मेळ घालायला ठीक आहे. फुलं वाचवण्याचं काम त्याच्याकडून होणार नाही. त्यासाठी आखलेल्या वाटा हव्यात, वाटेवर चिखल साचू नये म्हणून दगड बसवायला हवेत (लोक बहुतेकदा चिखल चुकवायलाच फुलांत पाय टाकतात), आणि दरवर्षी त्याच ठरलेल्या चौकटींत फुलं मोजायला हवीत. यवतेश्वरपासून रस्त्याकडेने उभी राहिलेली हॉटेलं आणि बंगले हा तर प्रवेशद्वारावरच्या कुठल्याच मोजणीत न बसणारा भार.

यंदा जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. कुमुदिनी तळ्यापर्यंत जुन्या राजमार्गाने चालत जा, गावातला वाटाड्या घ्या, त्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. वाटेत पाणी साचलं असेल तर बूट भिजू द्या. आणि फुलांत बसून काढलेला फोटो कुणी पाठवला, तर त्याला ‘छान’ म्हणू नका.