कोंबड्यांचं सेंद्रिय खाद्य खिशाला परवडेल का?

अंडी खाणाऱ्या घरात घरच्या कोंबडीच्या ताज्या अंड्याचं कौतुक वेगळंच असतं. त्यात ते सेंद्रिय दाण्यावरचं असेल तर सोन्याहून पिवळं! पण दिल्लीत सेंद्रिय कोंबडीखाद्याची तयार गोणी शोधायला निघालात तर ती सहज मिळत नाही आणि मिळालीच तर साध्या खाद्यापेक्षा बरीच महाग असते. मग काही जण 'सेंद्रिय' म्हणून नुसती बाजरी आणि भाजीची देठं घालतात. कोंबड्यांची पोटं भरतात, पण अंडी कमी होत जातात. म्हणून खर्च कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, हे आधी समजून घ्या.

तुम्ही लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीत राहत असाल, तर कोंबड्या पाळायला परवानगी आहे का, हे सर्वांत आधी विचारा. शेजाऱ्यांशीही बोलून ठेवा.

आधी महिन्याचा हिशोब

अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे पाच कोंबड्यांना महिन्याला १६-१७ किलो लागतं. या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि सुमारे साडेतीन टक्के कॅल्शियम हवं. बाजरी, मका, गहू यांत प्रथिनं ९ ते १२ टक्क्यांच्या आसपासच असतात. उरलेली कसर पेंडीने भरून काढावी लागते. खरा खर्च इथेच होतो, म्हणून काटकसर दाण्यात करा, पेंडीत नको.

सेंद्रिय म्हणजे नक्की काय?

गोणीवर 'नॅचरल', 'देशी' किंवा 'केमिकल फ्री' लिहिलं म्हणजे माल सेंद्रिय होत नाही. २००१ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. त्याखाली प्रमाणित झालेल्या मालावर 'इंडिया ऑरगॅनिक'चं चिन्ह असतं. छोट्या शेतकऱ्यांसाठी 'पीजीएस-इंडिया' ही दुसरी पद्धत आहे. तिच्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळत असलेल्यांना 'पीजीएस-ग्रीन' मिळतं. त्यांचा माल पूर्ण सेंद्रिय नसतो, पण बजेट कमी असेल तर त्याचा भाव जरूर विचारा.

दाणा कुठून आणाल?

पाकीटबंद सेंद्रिय धान्य माणसांसाठी असतं आणि त्याचा भावही तसाच असतो. त्यापेक्षा सेंद्रिय शेतकरी गटाकडे बारीक, फुटका किंवा चाळून उरलेला दाणा मागा. तो स्वच्छ आणि कोरडा असला की कोंबड्यांना उत्तम. नजफगढजवळच्या उजवा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पुसा संस्थेच्या कृषी मेळ्यात चौकशी केलीत, तर अशा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचता येईल. दोन-तीन घरांनी मिळून खरेदी केली तर वाहतूक खर्चही वाटला जातो.

१० किलोचं घरगुती मिश्रण

• भरडलेली बाजरी किंवा मका: ५ किलो २०० ग्रॅम
• भरडलेला गहू: १ किलो
• तांदळाचा बारीक कोंडा: १ किलो
• घाण्याची सोयाबीन पेंड: दीड किलो
• तिळाची पेंड: अर्धा किलो
• शिंपल्यांचा चुरा: ८०० ग्रॅम
• मीठ: ३० ग्रॅम

दोन पेंडी घेण्यामागे कारण आहे. सोयाबीनमध्ये मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असतं, तिळात ते भरपूर असतं. पेंड घाण्याचीच घ्या, रसायन वापरून तेल काढलेली नको. कच्चं सोयाबीन मात्र कधीही देऊ नका, ते कोंबडीला पचत नाही. दिल्लीत मोहरीची पेंड सहज मिळते, पण तिच्यातल्या उग्र घटकांमुळे ती कोंबड्यांना जास्त देता येत नाही. जीवनसत्त्वं आणि खनिजं किती घालायची, ते पशुवैद्यकांना विचारा. हे मिश्रण पिल्लांना देऊ नका. इतक्या कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडाला अपाय होतो. जुन्या खाद्यावरून नव्यावर येताना आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्या.

फुकटची जोड

मेथी, पालक, कोबीची पानं, शेवग्याचा पाला कोंबड्या आवडीने खातात. अझोला हे पाण्यावर वाढणारं नेचं टबमध्येही लावता येतं. वाळवलेल्या अझोल्यात २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून तो जोडीला द्या, खाद्याच्या बदल्यात नाही. अंड्यांची टरफलं धुऊन, भाजून, बारीक चुरा केली की कॅल्शियमची भर पडते.

बुरशीपासून सावध

खारट पदार्थ, चॉकलेट, कच्चा राजमा आणि हिरवट बटाट्याची सालं टाळा. सगळ्यांत मोठा धोका बुरशीचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. सेंद्रिय पेंडीलाही बुरशी लागते, म्हणून पावसाळ्यात महिन्यापुरतंच खाद्य आणा आणि डबा जमिनीपासून उंच ठेवा. कुबट वास आला तर पैशांचा विचार न करता फेकून द्या.

परवडलं की नाही, कसं कळेल?

महिन्याच्या खाद्याच्या खर्चाला महिन्याच्या अंड्यांनी भागा. स्वस्त खाद्याने अंडी घटली, तर तेच अंडं महाग पडतं!

पूर्ण सेंद्रिय आवाक्यात नसेल तर आधी दाणा सेंद्रिय घ्या, पेंड नंतर. नाव सेंद्रिय नसलं तरी स्वच्छ, ताजं आणि संतुलित खाद्य कोंबडीला लाभतंच. फक्त तोवर शेजारी अंडी विकत मागायला आले, तर 'सेंद्रिय' म्हणून जास्त पैसे घेऊ नका. 'दाणा सेंद्रिय आहे, पेंड साधी आहे,' एवढं सांगितलंत तरी त्यांचा विश्वास टिकेल.